बंद फेऱ्यातलं पाणी

“सर, तुमच्या घरी आंघोळीचं पाणी कोण तापवते?”

दुर्गेश्वरीच्या तोंडून प्रश्न सुटला आणि सकाळच्या ज्यादा तासाचा अख्खा वर्ग श्वास रोखून बसला. पैज रिंकीची होती. उष्णतेचा धडा चालू असताना सर फळ्याकडून वर्गाकडे वळले की उभं राहायचं आणि अगदी ह्याच शब्दांत विचारायचं. विचारलं तर मूंगबडे रिंकीकडून, नाही विचारलं तर सगळा डिसेंबर रिंकीचं दप्तर दुर्गेश्वरीच्या सायकलवर. मागच्या वर्षीची दुर्गेश्वरी असती तर तिनं मुकाट्यानं दप्तर वाहिलं असतं. ह्या वर्षीची उभी राहिली, बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, काठावरून पाण्यात उडी घ्यावी तशी. सर चिडतील, पोरं बाकं बडवतील, सर ‘बायको’ म्हणतील आणि मग ती दुसरा प्रश्न टाकेल की काऊन सर, तुम्ही कायले नाही तापवत, इथवर सगळं आदल्या दिवशीच ठरून गेलं होतं. टेंभरे सरांनी खडू बोटांत फिरवला. “माझी मुलगी,” ते म्हणाले. “बारावीला आहे ती यंदा.” आणि पुन्हा फळ्याकडे वळून त्यांनी पातेल्यातल्या पाण्याचे बाण काढायला घेतले, गरम पाणी वर, थंड पाणी खाली. एक बाण त्यांच्या हातून उलटा निघाला. तो त्यांनी पुसलाही नाही.

कोणाला हसू आलं नाही. दुर्गेश्वरी खाली बसली तेव्हा तिला आपलं बाक एकाएकी उंच झाल्यासारखं वाटलं, जणू सगळ्यांना ती दिसत होती आणि तिला मात्र कोणी दिसत नव्हतं. पैज जिंकल्याचा आनंद तर होताच, रिंकीनं बाकाखालून तिला चिमटा काढून तो कबूलही केला होता, पण त्या आनंदाच्या आत एक खडा होता. सरांची मुलगी बारावीला. सरांचा ज्यादा तास बारावीलाही चालतो, त्याच वर्गात, अकरावीच्या मागच्या बाकांवर बारावीच्या पोरी येऊन बसतात. मग ती कोणती? तिनं रिंकीला हळूच विचारलं. रिंकी सरांच्याच गल्लीत राहायची, तिला सगळ्यांच्या घरातलं ठाऊक. सरांची पोरगी ज्यादा तासाला कधीच येत नाही, असं रिंकी म्हणाली. काऊन, असं दुर्गेश्वरीनं विचारल्यावर रिंकीनं तिच्याकडे अशी नजर टाकली की एवढी अक्कल नाही का तुला. “सकाळी कशी येईल? घरात पाच माणसं हायेत. सर सातले इथं येतात तं गरम पाण्यानं आंघोळ करूनच येतात ना.” आणि तिनं वहीत सरांचा उलटा बाण तसाच्या तसा उतरवून घेतला.

शनिवार होता, शाळा दुपारी सुटली. मूंगबडे खाताना दुर्गेश्वरी नेहमीसारखी बोलत होती, म्हणजे सगळ्यांपेक्षा जास्त आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, पण कुडव्याच्या रस्त्याला लागून सायकल एकटी झाली तशी ती गप्प झाली. डिसेंबरचं ऊन गोंदियात मोठं लबाड असतं, पाठीला भाजतं आणि कानाला गारच ठेवतं. ह्या रस्त्यावरून सकाळी अंधूक उजेडात ती जाते तेव्हा बोटं हँडलवर लाकडासारखी होतात. तरी ती गाते. गळा चांगला आहे म्हणून नव्हे, रस्ता रिकामा असतो म्हणून. ही सकाळ तिची स्वतःची होती. ती तिला ह्या थंडीतच मिळाली होती, आणि उद्या, रविवारी, तिरोड्याच्या लॉजवाल्याची माणसं छोटा हत्ती टेम्पो घेऊन येणार होती, गच्चीवरचा पाणी तापवायचा सोलर उतरवून नेणार होती, आणि सोमवारी पहाटे ती पुन्हा अंगणातल्या सिगडीपाशी उकिडवी बसलेली असणार होती, सरांच्या मुलीसारखी. हे तिला सकाळपासून ठाऊक होतं. कालपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि पायडलवरचा पाय आपोआप थांबणं ह्यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर तिनं राईस मिलच्या भिंतीपाशी, भुशाच्या ढिगाकडे पाहता पाहता, एकदम ओलांडलं.

भुसा. आठवत होतं तेव्हापासून भुसा भरणं तिचं काम. सिगडीच्या पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून दांडकं आत सारायचं, आणि भोवती धानाचा भुसा ओतत ओतत मुठीनं ठोकायचा. कमी ठोकला तर ढासळतो, जास्त ठोकला तर पेट घेत नाही. मग बाटली फिरवत फिरवत अलगद वर ओढायची, दांडकं काढायचं, आणि त्या काळ्या बोगद्यात कागद पेटवून टाकायचा. तिच्यासारखी सिगडी गल्लीत कोणाला भरता येत नव्हती. मावश्या कौतुक करायच्या, माय पाहुण्यांना सांगायची की आमच्या दुर्गीची सिगडी सगळ्यांची आंघोळ होतवर विझत नाही, आणि दहा वर्षांची दुर्गी तेव्हा फुगून जायची. आता भिंतीपाशी सायकलवर एक पाय टेकून उभं असताना तिला ते कौतुक आठवलं आणि कानशिलं तापली. राग कोणाचा आला ते कळेना. मायचा नव्हता, मायची बोटं थंडीत वाकायची नाहीत, सकाळी तिला पाण्याचं मोठं पातेलं, गंज, उचलवत नसे. टिकेशदादाचाही नव्हता. दादा नागपूरला शिकायला होता आणि सुटीत आला की आंघोळीला शेवटी जायचा. राग बहुधा त्या फुगलेल्या दहा वर्षांच्या पोरीचाच होता, जिला कोणी विचारलं नाही आणि जिनंही कोणाला विचारलं नाही.

सोलर आणला खुमेंद्रमामानं. मायचा भाऊ, हातात सतत मोबाइल, बोलायला लागला की समोरच्याचं ‘नाही’ घशातच राहायचं. बालाघाट रोडवरच्या कोणा हॉटेलासाठी मागवलेला माल तिथे बसला नाही, तो बहिणीच्या गच्चीवर आला. बोअरचं पाणी खारं, साध्या सोलरच्या नळ्या पांढऱ्या होऊन बुजतात, म्हणून हा बंद फेऱ्याचा, असं मामानं सांगितलं होतं. ह्यातलं पाणी आंघोळीचं नव्हेच. ते वेगळं, चार भिंतींतलं. ऊन लागलेल्या पाटीत, म्हणजे पॅनेलमध्ये, तापायचं, वर चढायचं, टाकीतल्या गुंडाळीतून फिरून आंघोळीच्या पाण्याला आपली ऊब द्यायचं आणि गार होऊन पुन्हा खाली यायचं. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. कधी कमी झालंच तर भरून घ्यायचं. त्यासाठी बोअरच्या लाइनीतून एक आखूड नळी, तिच्या दोन टोकांना दोन व्हॉल्व्ह, लाल मुठीचे. मूठ पाइपासोबत झोपली की चालू, आडवी झाली की बंद. आधी खालचा उघडायचा, मग वरचा, हळू. दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आला की आधी वरचा बंद, मग खालचा. जास्तच भरलं गेलं तर बाजूचा पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप सांडून देईल. मामा हे सगळ्या घराला सांगत होता, पण बाबूजी वर आकाशाकडे पाहत होते, मायला खाली भात उतरवायचा होता, आणि लक्ष देऊन ऐकणारी एकटी दुर्गेश्वरी होती. काट्याच्या त्या गोल तबकडीला घरात सगळे घड्याळ म्हणू लागले. पहिल्या सकाळी नळातून वाफ निघाली तेव्हा माय न्हाणीत हात नळाखाली धरून नुसती उभी राहिली, कितीतरी वेळ, आंघोळ करायचं विसरून. दुर्गेश्वरीनं सायकल काढली आणि ती ज्यादा तासाला गेली. पहिल्यांदा. आणि त्या पहिल्याच तासाला, काय अंगात आलं कोण जाणे, तिनं हात वर केला होता.

दिवाळी सरली आणि घड्याळ आजारी पडलं. भरावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा तळाशी. पाणी कमी झालं की वरच्या वळणात हवा बसते, फेरा तुटतो, पाटी तापून फुकट; रोज नव्यानं भरलं तर सकाळी गरम पाणी, नाही तर नळाला बर्फ. प्लंबर भैय्यालाल दोनदा येऊन गेला, जोडाजोडाला पांढरी टेप गुंडाळून गेला, गच्चीवर एक थेंब ओल सापडली नाही. मग पाणी जाते कुठं? भैय्यालाल म्हणाला, वाफ होऊन जात असल. माय म्हणाली, वस्तूच फुटकी दिली खुमेंद्रनं. मामा फोनवर म्हणाला की दीदी, तिरोड्यात एक लॉजवाला मागून राहिला, तुम्हाला नको तं त्याले देऊन टाकू. बाबूजी दुपट्टा खांद्यावर टाकून शेताकडे निघाले, आणि त्यांच्या चालीत सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते दुर्गेश्वरीला तेव्हा दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला ती थांबली नव्हती. थांबून काय करायचं असतं ते तिला तोवर माहीतच नव्हतं.

त्या शनिवारी ती घरी आली तर लाइट नव्हती. चार वाजता येईल, असं माय म्हणाली, तिनं जेवण वाढलं, उद्या माणसं येतील तं गच्ची झाडून ठेव म्हणाली. दुर्गेश्वरी बरं म्हणून वर गेली आणि झाडू कोपऱ्यात उभा करून घड्याळापुढे जाऊन बसली. काटा तळाला टेकलेला. ती पाइपावरून बोट फिरवत गेली, भैय्यालालच्या टेपांवरून, वळणावरून, गुंडाळीच्या तोंडावरून, आणि तिचं बोट कोरडंच राहिलं. बाहेर कुठंच गेलं नाही हे पाणी. मग आत? आत म्हणजे कुठं आत? तिला सरांचा उलटा बाण आठवला आणि तिनं मान झटकली, कारण तो चुकीचा होता, गरम पाणी काही खाली जात नाही. पण उलटं, हा शब्द डोक्यातून निघेना. पाणी ज्या वाटेनं आलं त्या वाटेनं उलटं गेलं तर? मोटर चालू असते तेव्हा बोअरच्या लाइनीत जोर, तेव्हा पाणी इकडे येतं. मोटर बंद झाली, लाइट गेली, लाइनीतला जोर गेला, आता जोर कोणाकडे? इकडे. ह्या बंद फेऱ्याकडे. वाट उघडी असली तर हे पाणी आल्या पावली परत. ती ताडकन गुडघ्यांवर उठली आणि आपल्याच उतावीळपणाला हसली. उलटं पाणी अडवायला नळीत बारीक चकती आहे, असं मामा म्हणाला होता. पण खाऱ्या पाण्यानं नळाचे झारे महिन्यात दगड होतात, त्या चकतीचं काय झालं असेल ते देवाला ठाऊक. आणि वाट? ती लाल मुठींकडे वाकली. दोन्ही आडव्या. जवळजवळ आडव्या. डोळा पाइपाच्या रेषेत आणून पाहिलं तर त्या किंचित, तांदळाच्या दाण्याएवढ्या, कललेल्या होत्या. तिनं खालची मूठ अंगठ्यानं दाबली तशी ती सरकली आणि टक करून पुरी आडवी झाली. वरचीही. दोन टक.

कोणीतरी नीट बंद केल्या नव्हत्या. आपणच, असं तिला वाटलं, आणि क्षणभर सगळा आनंद आंबट झाला, कारण भरायचं काम तिचंच होतं. पण मागच्या वेळी बंद करताना तिनं मुठी अशा दाबल्या होत्या की तळहाताला वळ उठला होता, हे तिला लख्ख आठवत होतं. जाऊ दे. आधी भरू. पाटी उन्हानं तापली होती, तापलेल्या पाटीत थंड पाणी सोडू नये, असं मामानं बजावलं होतं, म्हणून तिनं दोरीवरची जुनी गोधडी ओढून पाटीवर पसरली आणि तिच्या सावलीत गुडघे पोटाशी घेऊन ती लाइटची वाट पाहत बसली. वाट पाहणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं घड्याळाशी गप्पा मारल्या, झाडूला उद्याच्या माणसांचा पुढारी बनवून त्याच्याशी वाद घातला आणि जिंकला. मग खाली गल्लीत पोरांचा ओरडा झाला, आली आली, आणि बोअरच्या मोटरीचा घरघराट पायाखालच्या स्लॅबमधून तिच्या अंगात शिरला.

खालची मूठ. पाइपासोबत झोपवली. वरची, हळू, अगदी थोडी. आखूड नळी एकदम ताठ झाली, जिवंत झाली, आणि तिच्या आतून पाणी सळसळत गेलं. काटा हलला. आधी नुसता थरथरला, झोपेतून उठल्यासारखा, मग वर चढायला लागला आणि दुर्गेश्वरीच्या घशातून कसलातरी आवाज आला, जो तिनं आधी कधी काढला नव्हता. वरच्या वळणावरचा छोटा पेच तिनं नखानं सैल केला; हवा सुरसुरली, सुरसुरत राहिली, एक आंबूस लोखंडी वास आला, मग पेचातून थुंकल्यासारखं पाणी उडून तिच्या कपाळावर बसलं. पेच बंद. काटा पुन्हा जरा उतरला, पुन्हा भरलं, हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर आणला. वरची आडवी, टक. खालची आडवी, टक. तिनं डोळा रेषेत आणून पाहिलं, दाण्याएवढंही अंतर नव्हतं. तिचे हात ओले होते, ओढणी ओली होती, आणि तिला आत्ताच्या आत्ता कोणालातरी सांगायचं होतं की ह्या एवढ्या घरातलं, ह्या गल्लीतलं, कुठलंच पाणी आत्ता माझ्या हुकमाशिवाय हलणार नाही. पण सांगायला अजून काही झालं नव्हतं. खरं काय ते मोटर थांबल्यावर. मोटर थांबली. घरघराट स्लॅबमधून ओसरला. दुर्गेश्वरीनं काट्यावर नजर लावली आणि पापणीसुद्धा हलवली नाही. काटा हलला नाही. खालून मायनं टाकी भरली का म्हणून विचारलं, दुर्गेश्वरीनं नुसता हुंकार दिला, काटा हलला नाही. ऊन पिवळं झालं, तसा काटा केसभर खाली आला आणि ती गुडघ्यांवर पुढे सरकली. मग तिला आठवलं की पाणी निवतं तसं आकसतं, गोधडीखाली पाटी निवतेच आहे, एवढं उतरायलाच पाहिजे. आणि एवढंच उतरून तो थांबला. ती टाकीच्या मागच्या भिंतीला टेकून बसली, पाय लांब सोडले. तिला वाटलं, परीक्षेत नंबर आला तेव्हा आपण असे खूश नव्हतो. तेव्हा कोणीतरी आपल्याला दिलं होतं. हे कोणी दिलं नाही.

जिन्यात पावलं वाजली, जड, रबरी चपलांची. बाबूजी. शेतावरून आले होते. बोदलकशाकडच्या त्यांच्या धानाची मळणी चालू होती, दुपट्ट्यावर तुसाची धूळ होती. त्यांनी टाकीमागची पोरगी पाहिली नाही. ती उठून सांगणारच होती, ओठांवर शब्द आलेच होते, पण त्यांच्या चालीत असं काही होतं की ती थांबली. रोज ठरलेल्या कामाला माणूस जातो तशी ती चाल होती. ते घड्याळापाशी गेले, काट्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वाकले. आधी खालची मूठ, मग वरची. किंचित. दाण्याएवढी. मग पाइपावर तळहात ठेवून ते उभे राहिले, तापानं पडलेल्या गाईच्या अंगावर ठेवतात तसा. काटा खाली यायला लागला, सावकाश, एखाद्या माणसानं मान खाली घालावी तसा, आणि आखूड नळीतून उलट्या दिशेची बारीक सळसळ तिला ऐकू आली.

ती ओरडली नाही, ह्याचंच तिला नंतर नवल वाटत राहिलं. कारण त्या क्षणी तिच्या डोक्यात राग येण्याआधी कुकर आला. रिंकीच्या घरी कुकर होता, सगळ्यांच्या घरी होता. दुर्गेश्वरीच्या घरी बारशात आलेला कुकर पेटीत होता, कारण एकदाच मायनं त्यात डाळ लावली होती आणि शिट्टी झाल्याबरोबर बाबूजी ताट टाकून अंगणात गेले होते. मायलेकी हसल्या होत्या. बाबूजी लग्नाआधी उसना मिलमध्ये, म्हणजे उकड्या तांदळाच्या गिरणीत, धान वाफवायच्या कामावर होते, हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नव्हतं, काकूनं सांगितलं होतं. बंद हंड्याचं झाकण उडालं होतं तिथं. बकाराम नावाचा त्यांचा जोडीदार, त्याच्या चेहऱ्याकडे गावात आजही लहान पोरं पाहत नाहीत. हे सगळं दुर्गेश्वरीला माहीत होतं, सुटं सुटं, जसे शाळेच्या प्रयोगाच्या टेबलावर भाग मांडून ठेवलेले असतात. आत्ता ते एकात एक बसले आणि तिच्या रागाला बसायला जागा उरली नाही.

“बाबूजी.”

ते दचकले. मग चिडले, दचकलेलं झाकायला. “काऊन, इथं कोपऱ्यात कायले बसून राहिली?”

“तुम्ही रोज उघडता का हे?”

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. खोटं त्यांना बोलता यायचं नाही, गप्प राहता यायचं. पण पोरगी समोरून हलेना, तेव्हा ते म्हणाले, “थोडंसंच उघडतो. धानाच्या बांधीले तोंड ठेवावं लागते, दुर्गी. पाणी आतमंधी कोंडलं तं बांध फुटते. हे तं तापलेलं पाणी. खाली तुम्ही झोपता.”

हे ऐकून तिला रडू यायला हवं होतं, आणि थोडं आलंही, पण त्याच्या पुढे धावत आनंदच आला, कारण त्यांच्या वाक्यातच तिला उत्तर दिसलं. तिनं त्यांचा हात धरला आणि त्यांना पितळी सेफ्टीपाशी नेलं. फळ्यावरचे शब्द तिनं वापरले नाहीत. शेतावरच्या बोडीला सांडवा काऊन बांधला, असं तिनं विचारलं. जास्त पाणी झालं तं तिथून जावं म्हणून, ते म्हणाले, हे काय विचारणं झालं. मग बोडीची पाळ कोणी रोज खोदून ठेवते का, तिनं विचारलं. बाबूजींनी वाकून त्या पितळी सेफ्टीकडे पाहिलं. “हा याचा सांडवा आहे, बाबूजी. जास्त झालं तं हा सांडते, कोणी न उघडता. आन् तुम्ही जे उघडता ते सांडवा नाही, ते नहराचं तोंड आहे. नहर चालू हाय तवर ठीक. नहर बंद झाला का बांधीचं पाणी उलटं नहरात. मंग बांधी कोरडी.” ती थांबली. “म्हणूनच रोज कोरडी.” सेफ्टीच्या डोक्यावरची टोपी तिनं फिरवून दाखवली, बारक्या नळीतून पाण्याची चिळकांडी उडाली, बाबूजी एक पाऊल मागे सरले, आणि टोपी सोडल्याबरोबर पाणी थांबलं. त्यांनी पुन्हा एकदा करायला सांगितलं. तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः फिरवली, चेहरा बाजूला वळवून.

तरी लाल मुठी बंद करायला त्यांचा हात पुढे होईना. दुर्गेश्वरीनं दोन्ही आडव्या केल्या, आणि दुसऱ्या टकला त्यांचे खांदे कुकरची शिट्टी ऐकल्यासारखे वर गेले. काटा तळाच्या जरा वर थांबला. उद्या मोटर लागली की भरीन, ती म्हणाली. उद्या तं माणसं येतात, ते म्हणाले, खुमेंद्रले शब्द देऊन झाला, आता नाही कसं म्हणू, आणि तू म्हणते ते खरंही असल, पण मले झोप लागत नाही पोरी, तुले काय सांगू. हे त्यांनी तिला पहिल्यांदाच सांगितलं होतं, आणि ती काही ते खोडून काढू शकत नव्हती. सांडवा दाखवता येतो, झोप दाखवता येत नाही. जिना उतरताना तिला जाणवलं की काट्याचं कोडं सुटलं तरी सोमवारची सकाळ तिच्या हातात आलेलीच नाही. ती सकाळ ह्या मुठींवर नव्हतीच कधी. उद्या सोलर राहिला तर राहील आणि गेला तर जाईल, आणि दोन्ही वेळा घर तिच्याकडे तसंच पाहील, न बोलता, सिगडी भरायला. तिला हे इतकं स्वच्छ दिसलं की पायरीवर ती मध्येच उभी राहिली आणि मागून येणारे बाबूजी तिच्यावर आदळता आदळता वाचले.

खाली मायनं चुलीतली लाकडं मागे ओढली होती आणि ती भाकरीचा हात धूत होती. बाबूजी ओट्यावर बसले, बसल्या बसल्या त्यांनी मायला सगळं सांगून टाकलं, आपला दाण्याएवढा हात त्यात असल्याचंही, आणि माय आधी हसली, मग पवारी बोलीत काहीतरी पुटपुटली ते हसण्यासारखं नव्हतं. मग ती म्हणाली की आता खुमेंद्रला काय तोंड दाखवायचं, आणि न्यायचा तं नेऊ दे ना बाबा एकदाचा, तुमच्या जीवाला घोर कशाला, दुर्गीची सिगडी आहेच. हे तिनं सहज म्हटलं, मीठ आहेच म्हणतात तसं. दुर्गेश्वरी दारातच उभी होती. ओढणीचं ओलं टोक तिनं पिळलं. पुन्हा तीच उडी घ्यायची होती, पण आता मागे रिंकी नव्हती, पैज नव्हती, कोणी शब्द शिकवलेले नव्हते, आणि तरी ते सापडायला तिला अजिबात वेळ लागला नाही.

“सोलर ठेवायचा का द्यायचा ते तुम्ही दोघं ठरवा,” ती म्हणाली. “ठेवला तं व्हॉल्व्ह मी पाहीन, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, आन् बाबूजी रोज सांजच्याले माझ्यासोबत वर येऊन काटा पाहतील, त्यायले नीट झोप येतवर. दिला तं सिगडी कोण भरल ते पण तुम्हीच ठरवा. मी शिकवून देईन, दादा आला का त्याले पण. पण सोमवारपासून पाणी मी नाही तापवणार. मी सातले तासाले जाणार आहे, थंड्या पाण्यानं आंघोळ करून जावं लागलं तरी. हे मी ठरवलं.”